८०२.१एक्स लावताय? आधी एकाच पोर्टवर लावा

८०२.१एक्स म्हणजे ओळख पटल्याशिवाय स्विचच्या पोर्टवरून कुणालाही नेटवर्कमध्ये न घेणं. ते सगळ्या स्विचवर एकदम चालू करायच्या फंदात पडू नका. मी पडलो होतो. सकाळी लोक आले आणि निम्म्यांना नेटवर्कच नाही!

आधी रेडियस सर्व्हरचं, म्हणजे ही ओळख तपासणाऱ्या सर्व्हरचं बघा. शेअर्ड सीक्रेट, म्हणजे स्विच आणि सर्व्हरमधला सामायिक पासवर्ड, दोन्हीकडे तंतोतंत तेच हवं, मध्ये फायरवॉल असेल तर यूडीपी १८१२ आणि १८१३ उघडे हवेत. मग स्वतःच्या टेबलावरचा एकच पोर्ट घ्या. विंडोजच्या मशीनवर ‘वायर्ड ऑटोकॉन्फिग’ ही सर्व्हिस सहसा आपोआप सुरू होत नाही. ती चालू केल्याशिवाय कितीही डोकं आपटलं तरी लॉगिन व्हायचं नाही.

खरी डोकेदुखी प्रिंटरची. जुन्या प्रिंटरना ८०२.१एक्स कळतच नाही, त्यांना मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाच्या हार्डवेअर क्रमांकावरून) आत घ्यावं लागतं, म्हणजे मॅब (मॅक ऑथेंटिकेशन बायपास). सिस्कोच्या स्विचवर मूळ सेटिंग तसंच ठेवलं तर स्विच ३० सेकंदांच्या अंतराने तीनदा विचारतो, मग मॅबची पाळी. दीड मिनिट गेलं! तोवर प्रिंटर डीएचसीपीचा (आपोआप आयपी पत्ता मिळण्याचा) नाद सोडून स्वतःच १६९.२५४ चा बिनकामाचा पत्ता घेऊन बसलेला असतो. हे अंतर, म्हणजे ‘टीएक्स-पिरियड’, १० सेकंदांवर आणा. आणि मॅक पत्त्याची नक्कल कुणीही करू शकतं, तेव्हा असे पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) टाकून वर एसीएल (कुणाला कुठे जाता येईल याचे नियम) लावाच.

अपलिंकला, म्हणजे एका स्विचला दुसऱ्याशी जोडणाऱ्या पोर्टला, हात लावू नका. सुरुवातीचे काही आठवडे ओपन मोड (नापास झालेल्यालाही न अडवणारा) ठेवून नुसते लॉग वाचा, कोण नापास होतंय ते कळतं. रेडियस बंद पडला तर काय, हेही आत्ताच ठरवा. माझं मत विचाराल तर क्रिटिकल व्हीलॅन, म्हणजे अशा वेळी मशीनना ठेवायचा व्हीलॅन, तोही मर्यादित प्रवेशाचा.