भर दुपारी दुधी मान का टाकतो? आणि परसबागेचे बाकी प्रश्न

यावेळी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज दोन्ही ढिगाने आलेत आणि निम्म्यांत एकच वाक्य आहे, "झाड वाळतंय, काय घालू?" सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे आपलं गाव दिसलं नाही तर रागावू नका.

ताई, मी अकोल्याहून लिहितेय. गच्चीवर ड्रममध्ये दुधी आणि काकडीचे वेल आहेत. सकाळी एकदम टवटवीत असतात पण बारा वाजले की पानं अशी लोंबतात की बघवत नाही. मग मी लगेच पाणी घालते, कधीकधी दिवसातून तीनदा. आता खालची पानं पिवळी पडायला लागलीत. पाणी कमी पडतंय का?

कमी नाही हो, जास्त झालंय. दुधीचं पान केवढं मोठं असतं बघा, दुपारी त्यातून जेवढं पाणी उडून जातं तेवढं मुळं त्याच वेगाने वर पाठवू शकत नाहीत, मग पान स्वतःच मान टाकतं म्हणजे ऊन कमी लागतं. हा आजार नाही. खरी परीक्षा संध्याकाळी सातला घ्यायची. ऊन उतरल्यावर पानं परत ताठ झाली तर वेलाला काहीही झालेलं नाही आणि तुम्हीही काही करायचं नाही. सकाळी सहालाही मलूल दिसत असतील तर मात्र गडबड आहे, तेव्हा मातीत बोट घाला, दोन पेरं खोल. कोरडं लागलं तर तहान, ओलं लागलं तर मुळं कुजतायत. तुमची पिवळी पानं मला दुसऱ्यातली वाटतायत, कारण सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही.

पाणी सकाळी लवकर, सावकाश, ड्रमच्या बुडातून थेंब येईपर्यंत. अकोल्याच्या मे महिन्यात संध्याकाळी अजून थोडं लागेल, तेही वरची माती कोरडी असेल तरच. आणि एक गोष्ट फार कमी जण बघतात, गच्चीवर उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी जवळजवळ चहाचं असतं! ते आधी बादलीत काढा, गार झालं की वापरा.

पाण्यापेक्षा ड्रम तापण्याकडे लक्ष द्या. खाली विटा ठेवून ड्रम फरशीपासून उचला, पश्चिमेच्या अंगाला ओलं गोणपाट गुंडाळा, आणि वर वाळका पाला, उसाचं पाचट, गव्हाचं काड जे मिळेल त्याचा दोन-तीन इंचांचा थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका. हिरवी शेडनेट लावायची तर 50 टक्क्यांची पुरे. लोक 75 ची आणतात आणि मग झाडं नुसती उंच लुकडी होतात नि फुलं गळतात. नेट उंच बांधायची, खालून वारा खेळला पाहिजे. वेलांपेक्षा ती मिरची, वांगी आणि पालेभाज्यांना जास्त उपयोगाची आहे. नवतपा म्हणजे 25 मेपासूनचे ते नऊ दिवस विदर्भात काय असतात ते मी तुम्हाला सांगायला नको, तोपर्यंत ही तयारी होऊन जाऊ दे.

पुण्यात फ्लॅटच्या टेरेसवर टोमॅटो आहेत. फेब्रुवारीत भरपूर लागले. आता फुलं येतात आणि देठासकट गळून पडतात. शेणखत, केळीच्या सालीचं पाणी, एप्सम सॉल्ट, सगळं घालून झालं. अजून काय घालू?

काहीच नका घालू, हात जोडते. टोमॅटोचं फूल दिवसा 35 अंशांच्या वर गेलं की परागकण निकामी व्हायला लागतात, आणि त्याहून जास्त म्हणजे रात्री गारवा लागतो त्याला. रात्रीचा पारा 22-24 च्या खाली उतरतच नसेल तर फळ धरत नाही, मग ते झाड कितीही लाडात वाढलेलं असो. नत्राचं खत घालाल तर पाला अजून माजेल, बस.

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे झाड एक तृतीयांश छाटून, सावलीत सरकवून नुसतं जगवायचं. दुसरा मला जास्त आवडतो, पानाच्या बेचक्यातून फुटलेले चांगले वीतभर फुटवे मेअखेरीस काढायचे, पाण्यात ठेवायचे, आठवडा-दहा दिवसांत मुळं फुटतात, आणि पावसाळ्याची नवी रोपं फुकटात तयार. जुनं झाड मग खुशाल काढा.

जाता जाता, ज्या टोमॅटोंच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडतो त्याबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. तो रोग नाही. फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, आणि बहुतेक वेळा ते मातीत नसतं म्हणून नाही तर पाणी एक दिवस पूर आणि दोन दिवस दुष्काळ असं मिळतं म्हणून. अंड्याची टरफलं घाला हवी तर, पण ती विरघळायला कित्येक महिने जातात, त्याने या आठवड्यातला टोमॅटो सुधारत नाही.

कोथिंबीर उगवत नाही. धने रगडून, रात्रभर भिजवून पेरले तरीही. – नाशिक

नाही उगवणार, तापलेल्या मातीत धने रुसतात आणि उगवलेच तर वीतभर व्हायच्या आत फुलावर जातात. जूनच्या मध्यापर्यंत बाजारातून आणा. त्या जागी लाल माठ, तांदुळजा, अंबाडी टाका, उन्हाला हसत उभ्या राहतात. माठ तर 25-30 दिवसांत पानात.

दादरहून नमस्कार. दुधीला बारीक बारीक दुधी येतात, बोटाएवढे होतात आणि पिवळे पडून गळतात. वेल एकदम निरोगी आहे. सोसायटीतले एकजण म्हणतात थ्रीजी कटिंग करा.

काका, थ्रीजी नंतर बघू, आधी वेलाचं लग्न लावा. दुधीला नर आणि मादी फुलं वेगळी येतात. नर फूल लांब बारीक देठावर, मागे काही नाही. मादी फुलाच्या मागे इवलासा केसाळ दुधी असतो, तोच तुम्ही बघताय. पराग पोचला नाही तर तो पिवळा पडून गळतो. मुंबईत सातव्या-आठव्या मजल्यावर कीटक फारसे पोचत नाहीत आणि दुधीच्या बाबतीत अजून एक घोळ असा की त्याचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, पतंगांसाठी. तुम्ही सकाळी ब्रश घेऊन गेलात तर वरात निघून गेलेली असते.

म्हणून संध्याकाळी साडेसहा-सातला वर जा. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका, आतली पिवळी दांडी मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. एका नरात दोन-तीन माद्या होतात. दोडक्यालाही हीच वेळ. काकडी, कारली, लाल भोपळा मात्र सकाळची गिऱ्हाइकं, आठच्या आत उरका. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात त्याने घाबरून जाऊ नका, मादी मागून येते. खरं सांगू का, दिवसभराच्या उकाड्यानंतर गच्चीवर वारा सुटलेला असतो, खाली कुणाच्या तरी घरात फोडणी पडलेली असते आणि आपण टॉर्च घेऊन फुलं शोधतोय, मला या सबंध ऋतूत हे काम सगळ्यात आवडतं. फळ धरलं की साधारण दोन आठवड्यांत दुधी काढायला येतो. नख सहज रुतलं पाहिजे, जून झाला की फक्त बियाच.

पराग पोचूनही फळ वाकडं होऊन सडत असेल, सालीवर टोचल्यासारखा ठिपका आणि त्यातून डिंक येत असेल, तर ती फळमाशी. अशी फळं कंपोस्टमध्ये टाकायची नाहीत, आत अळ्या असतात, साबणाच्या पाण्यात बुडवून मग फेका. चांगल्या फळाला लहान असतानाच कागदी पिशवी घाला. सापळा आणणार असाल तर दुकानात क्यू ल्यूर असं मागा, आंब्याचा मिथिल युजेनॉलवाला दिला तर वेलभाज्यांच्या माशीला त्याचा उपयोग नाही. आणि थ्रीजी कटिंग म्हणजे शेंडे खुडून आडव्या फांद्या आणणं, मादी फुलं त्या फांद्यांवर जास्त येतात हे खरंच आहे, पण भर मेमध्ये दमलेल्या वेलावर नको.

संभाजीनगर. आमच्याकडे पाण्याची बोंब. टँकर येतो. आरओचं वाया जाणारं आणि एसीचं पाणी झाडांना चालेल का?

एसीचं चालेल. ते हवेतली वाफ गार होऊन आलेलं, क्षार जवळपास नसलेलं पाणी आहे, दुसऱ्या पाण्यात मिसळून घाला. आरओचं पाणी म्हणजे तुमच्या मूळ पाण्यातले क्षार गोळा होऊन आलेलं, टँकर बोअरचा असेल तर आधीच जड पाणी अजून जड. कुंडीच्या कडेला पांढरा थर आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या तर कारण तेच. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला ठेवा. अगदीच नाइलाज असेल तर पालकाला थोडं द्या, त्याला क्षार बऱ्यापैकी सोसतात, आणि पहिला मोठा पाऊस आला की कुंड्या उघड्यावर ठेवून धुऊन निघू द्या. भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मात्र एक थेंबही बेसिनमध्ये जाऊ देऊ नका.

आठ दिवस देवगडला जातोय, आंब्यांसाठी. शेजारीही गावाला. कुंड्यांचं काय? – डोंबिवली

सगळ्या कुंड्या भिंतीच्या सावलीत, एकमेकींना चिकटवून. मधोमध स्टुलावर पाण्याची बादली झाकून ठेवा, त्यातून जुन्या सुती साडीच्या जाड वाती काढून एक टोक तळाशी, दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं खोल. बादली कुंड्यांपेक्षा उंच हवी. मोठ्या कुंड्यांना सलाइनचा सेट लावतात तेही छान, फक्त थेंब किती पडतात हे जायच्या आदल्या दोन दिवसांत बघून ठेवा, निघायच्या सकाळी नाही. झाडावरची सगळी तयार भेंडी, मिरची, काकडी तोडून सोबत न्या. फळं लटकलेली असली की झाड जास्त पाणी ओढतं, आणि भेंडी आठ दिवसांत लाकूड होते.

भेंडीची पानं आधी ठिपक्याठिपक्याची झाली, मागे बारीक जाळी दिसते. शेजारच्या रोपाच्या पानांच्या शिरा मात्र पिवळ्याधमक. दोन्हीवर कडुनिंबाचं तेल मारू? – बारामती

दोन वेगळी दुखणी आहेत ही. जाळीवाला लाल कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, कोरड्या उन्हात फोफावतो, त्याच्यावर सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोराचा फवारा तीन-चार दिवस मारा, बरेचदा तेवढ्याने आटोक्यात येतो. नाहीच आला तर लिटरला 5 मिली कडुनिंब तेल, दोन-चार थेंब भांड्यांचा साबण, आणि फवारणी संध्याकाळीच, उन्हात मारलंत तर पान भाजतं. पिवळ्या शिरांचा म्हणजे हळद्या, विषाणू आहे, पांढरी माशी पसरवते. त्याला औषध नाही, रोप उपटून टाका, दया नको. पुढच्या वेळी बियाणं घेताना चौकशी करा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती याच रोगाला तोंड द्यायला काढलेली जात आहे.

उपटलेल्या रोपाची मुळं बघा बरं का. गाठी गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे मातीतले सूक्ष्म जंत. मग ते वाफे मेमध्ये रिकामे ठेवा, माती भिजवून वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने दाबा, चार ते सहा आठवडे. काळं नको, पारदर्शकच, ऊन आत गेलं तरच माती तापते. बरंचसं तणाचं बीही त्यात मरतं. उन्हाळ्याचं ऊन एवढं फुकट मिळतंय तर वापरून घ्या.

नाती सुट्टीत आल्यात, दिवसभर मोबाइल. बागेत काय करू द्यावं? आणि मिरची एवढी आलीय की वाटून वाटून थकले. – मिरज

आजी, मुलींना चवळी पेरायला द्या, चार-पाच दिवसांत मान वर काढते, त्यांच्या धीराएवढीच. काकडी त्यांनीच तोडायची, सकाळी, आणि तिथेच उभ्याने तिखटमीठ लावून खायची, ताटात आली की ती चव जाते असं माझं ठाम मत आहे. पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं रोज धुऊन भरणं हे कामही त्यांचं. अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलाचं बी लावायची पद्धत तुमच्याकडेही असेलच, या वर्षी ती वेळ गेली असेल तरी हळदीचे दोन-चार डोळेवाले तुकडे मोठ्या ग्रो बॅगमध्ये त्यांच्या हातून लावून घ्या, पुढच्या संक्रांतीनंतर काढायला त्यांना बोलवा.

मिरचीचं म्हणाल तर सांडगी मिरची. जाड, कमी तिखट मिरच्या एका बाजूने चिरून, धने-मेथी-जिरं भरडून त्यात हिंग, हळद, मीठ घालून भरायच्या, रात्री आंबट ताकात, दिवसा उन्हात, ताक संपेपर्यंत असं चालवायचं आणि मग कडकडीत वाळवायच्या. फार तिखट मिरच्या असतील तर त्या नुसत्या वाळवून लाल करून ठेवा. आणि दुपारी चारनंतर मिरजेकडे आभाळ भरून यायला लागलं की नातींना ताटं आत आणायच्या ड्यूटीवर लावा, वळीव सांगून येत नाही.