सीझन संपलाय, सगळं पांगायच्या आत लिहून काढ

अरे,

तुझे तिन्ही मेल काल रात्री एकापाठोपाठ एक परत वाचले. पहिला, तुमच्या कॉलेजची अमेरिकन फुटबॉल टीम कॉन्फरन्स, म्हणजे तुमच्या गटातली स्पर्धा, जिंकली त्या रात्रीचा. त्यात एकही वाक्य धड पूर्ण नाहीये आणि तो मी जपून ठेवणारे. दुसरा, हेड कोच मोठ्या युनिव्हर्सिटीत चाललेत हे कळलं तेव्हाचा. आणि तिसरा परवा पहाटेचा, ज्यात कॉलेज बदलायला ट्रान्सफर पोर्टलमध्ये गेलेल्या पोरांना तू गद्दार म्हणालायस आणि शेवटी अगदी जाता जाता लिहिलंयस की व्हिडिओवाल्या कोचने तुलाही सोबत चल म्हणून विचारलंय. खरा विषय त्या शेवटच्या दोन ओळींचाच आहे हे कळतंय मला, पण आधी ते गद्दार प्रकरण मिटवू.

तुझी फेवरिट टीम 2019 ची एलएसयू, म्हणजे लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, बरोबर? टीम असावी तर अशी, हे तू मला निदान पाच वेळा लिहिलंयस. मग ती गोष्ट पूर्ण बघ ना, ट्रॉफी उचलली तिथे थांबू नकोस. 15 पैकी 15 मॅच जिंकले, 13 जानेवारी 2020 ला न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेमसनला 42-25 ने हरवून नॅशनल चॅम्पियन झाले. आणि त्याच आठवड्यात त्यांचा पासिंगचा सगळा खेळ बदलून टाकणारा कोच जो ब्रेडी कॅरोलायना पँथर्स या प्रोफेशनल टीमकडे गेला, डिफेन्सचा कोच डेव्ह अरांडा बेलर युनिव्हर्सिटीला हेड कोच म्हणून गेला, एप्रिलमध्ये एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रोफेशनल टीम कॉलेजची पोरं निवडतात तिथे, त्यांचे 14 जण निवडले गेले, पास टाकणारा क्वार्टरबॅक जो बरो तर पहिल्याच नंबरवर. पुढचा सीझन 5-5, पाच जिंकल्या आणि पाच हरल्या. आणि हेड कोच एड ऑर्जरॉनला 2021 च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे चॅम्पियन होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा हा तुमचा शेवटचा सीझन असं सांगून टाकलं. आता यात गद्दार कोण ते मला सांग.

आणि बरो स्वतः कुठून आला होता? ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं काढली, बहुतेक बेंचवर, डिग्री घेतली आणि 2018 मध्ये एलएसयूला आला. तो तिथेच निष्ठेने बसून राहिला असता तर तुझी फेवरिट टीम झालीच नसती. तुमचा लेफ्ट टॅकल, क्वार्टरबॅकला राखणारा, गेला म्हणून तू रडलास, पण तोसुद्धा दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजातूनच तुमच्याकडे आला होता ना? तेव्हा तिकडच्या व्हिडिओ रूममध्येही कोणीतरी तुझ्यासारखंच बसलं असेल. 2021 पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसायची अट गेली, त्याच वर्षी पोरांना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची परवानगी मिळाली. ज्याच्या घरी कर्ज आहे आणि ज्याचा गुडघा दोनदा सुजलाय तो पोरगा चार पैसे बघणारच. त्याला मेसेज कर, शुभेच्छा दे. मनापासून दे, कारण पुढची वीस वर्षं तुम्ही एकमेकांना याच सीझनवरून ओळखणार आहात.

मी हे इतक्या ठामपणे सांगतेय कारण माझ्या बाबतीत हे घडलंय. स्टॅटिस्टिक्सचं मास्टर्स करताना मीही तुझ्यासारखीच व्हिडिओ रूममध्ये होते. प्रेस बॉक्सवरून एक कॅमेरा आणि एंडझोनमागून, म्हणजे मैदानाच्या टोकामागून, दुसरा, सगळे 22 जण फ्रेममध्ये हवेत, मग रात्रभर बसून एकेक प्ले, म्हणजे एकेक चाल, वेगळा कापायचा आणि प्रत्येकाला डाऊन (कितवा चान्स), किती यार्ड बाकी, फॉर्मेशन (कोण कुठे उभं), असे टॅग लावायचे. (आईला फोनवर मी एवढंच सांगायचे की चार चान्समध्ये दहा यार्ड पुढे जायचं, बाकी सगळं त्याच्यावर रचलेलं.) त्या वर्षी आम्ही 10 मॅच जिंकलो. मग हेड कोच गेले, नवा स्टाफ आला, त्यांचे शब्द वेगळे, टॅग वेगळे, आमच्या टॅगना त्यांच्या लेखी काही अर्थच नव्हता. जागा हवी म्हणून आमच्या डिस्क रिकाम्या केल्या. कोणाचा वाईट हेतू नव्हता, पण मला मात्र पुढे एका इंटरव्ह्यूत विचारलं की त्या सीझनमध्ये तुम्ही नेमकं काय केलंत, आणि मी म्हणाले, आम्ही 10 मॅच जिंकलो. समोरचा म्हणाला, ते कळलं, पण तुम्ही? मला दोन वाक्यांच्या पुढे काही सांगता आलं नाही. केलं नव्हतं असं नाही रे, चार महिने नीट झोपले नव्हते. पण लिहून काहीच ठेवलं नव्हतं आणि डोक्यात फक्त स्कोअरबोर्ड उरला होता. ती जॉब मिळाली नाही याचं दुःख कधीच संपलं, पण ते काम हरवलं ते अजून टोचतं.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे, की या आठवड्यात बसून लिही. आत्ता, सगळं ताजं आहे तोवर. क्लिप्स कॉलेजच्या आहेत, त्या कॉपी करायच्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको. तू काय पाहिलंस आणि काय केलंस ते तुझं आहे, ते लिही. ऑक्टोबरमधली ती गोष्ट आठवते? समोरच्या टीमचा राईट गार्ड, पुढच्या लाईनमधला. एंडझोनच्या कॅमेऱ्यातून बघताना तुझ्या लक्षात आलं की रन, म्हणजे बॉल घेऊन पळायचा प्ले, असला की त्याचा टेकलेला हात गवतात रुततो, सगळा भार पुढे, पाठ थोडी उतरती. आणि पास असला की हात नुसता टेकवल्यासारखा, बोटं हलकी, कारण त्याला लगेच मागे सरकायचं असतं. तू तीस प्ले मोजलेस, मग आणखी तीस, मगच लाईन कोचकडे गेलास. आधी तीस आणि मग आणखी तीस, यातच तुझी सगळी लायकी आहे, आणि तू ती गोष्ट मला फक्त एका ओळीत लिहिली होतीस, पुढच्या वीस ओळी ट्रॉफीवर! ती गोष्ट दोन पानं लिही. कोच आधी काय म्हणाले, त्यांनी पोरांना कसं समजावलं, मॅचमध्ये कितीदा कामी आलं आणि कितीदा फसलं. फसलेलं पण लिही.

आणि नशीबही लिही. यंदा तुमच्या तीन मॅच एका टचडाऊनच्या (साधारण सात पॉइंटच्या) आतल्या फरकाने सुटल्या. एलएसयूसुद्धा ऑबर्नशी 23-20, टेक्सासशी 45-38. अलाबामाविरुद्ध 46-41, आणि त्या मॅचमध्ये अलाबामा पहिल्याच ड्राईव्हला, म्हणजे पहिल्याच चढाईत, गोललाईनजवळ आली असताना त्यांच्या क्वार्टरबॅकच्या हातून बॉल निसटला, कोणी हात पण लावला नव्हता. म्हणून एलएसयू भारी नव्हती असं कोणी म्हणणार नाही. पण आपल्या मेहनतीने काय झालं आणि बॉल आपल्या बाजूला उडाला म्हणून काय झालं, हे जिंकलेल्या वर्षीच वेगळं काढता येतं बघ, हरलेल्या वर्षी सगळेच नशिबाला दोष देतात.

बरोचा आकडाही याच नजरेने बघ. 2018 मध्ये 16 टचडाऊन पास, 2019 मध्ये 60. माणूस तोच, कॉलेज तेच, हेड कोच तोच. मधल्या काही महिन्यांत नवी सिस्टिम आली, आणि उन्हाळ्यात रिकाम्या मैदानावर तेच तेच रूट, म्हणजे पळायच्या ठरलेल्या वाटा, हजार वेळा पळणारे, पास झेलणारे रिसीव्हर होते, जे टीव्हीवर कोणी पाहिलं नाही. तुमचा सीझनसुद्धा मागच्या फेब्रुवारीतच सुरू झाला होता, मागच्या वर्षीच्या आठ हरलेल्या मॅच तू परत टॅग करत बसला होतास तेव्हा. तेव्हाचे तुझे मेल किती वैतागलेले होते, काढून वाच एकदा.

एक गोष्ट मात्र मला एलएसयूची कायम आठवते ती आकड्यांची नाही. सेमीफायनलच्या दिवशी सकाळी त्यांच्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरची, म्हणजे ऑफेन्स सांभाळणाऱ्या कोचची, स्टीव्ह एन्समिंगरची, सून विमान अपघातात गेली. स्टेडियममध्ये असतानाच त्याला कळलं, आणि तरी तो वर कोचच्या बूथमध्ये जाऊन बसला. ओक्लाहोमाला त्यांनी 63-28 ने हरवलं, बरोने पहिल्या हाफमध्येच सात टचडाऊन पास टाकले. लोकांना ते सात आठवतात. मला वर काचेमागे बसलेला तो माणूस आठवतो. तुझ्या बिल्डिंगमध्येही यंदा कोणाच्या घरी काय काय चाललं होतं ते तुला माहितीये, ट्रेनर बाईंच्या वडिलांचं तू लिहिलं होतंस. जिंकल्यावर त्यांच्याशी बोललास का?

आता कोचची ऑफर. माझं मत सरळ सांगते, आत्ता जाऊ नकोस. तुझ्या डिग्रीच्या दोन सेमिस्टर राहिल्यात आणि तू एफ-1 वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, आहेस. कोचच्या शब्दावर आय-20, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद, बदलत नाही. नव्या युनिव्हर्सिटीत रीतसर ॲडमिशन लागते, तुझं व्हिसाचं रेकॉर्ड तिकडे ट्रान्सफर व्हावं लागतं, तुझे किती क्रेडिट ते धरतील हे आधी लेखी विचारावं लागतं. आणि सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही हे तिथेही तसंच. इतके दिवस सीझनच्या धुंदीत तू तासांकडे किती लक्ष दिलंस ते मला माहीत नाही, पण यात ढिलाई नको, एकदाही नको. इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन बस, सगळं विचार, मगच कोचना फोन कर. त्यांना सांग की मला यायचंय पण डिग्री घेऊन, वर्षभराने मला परत विचाराल का. चांगला माणूस असेल तर हो म्हणेल. नाही म्हणाला तर आत्ता नेऊन तरी तुझं काय करणार होता?

राहिलास तर नव्या स्टाफसमोर तू जुन्यांचा माणूस असशील, थोडे दिवस कोणी विचारणार नाही. त्यांचे टॅग शिकून घे, आमच्याकडे असं करायचो हे वाक्य निदान स्प्रिंग प्रॅक्टिस संपेपर्यंत तोंडातून काढू नकोस. मी काढलं होतं, महागात पडलं.

रविवारी फोन कर, तोवर निदान पाच पानं झालेली असू देत. आणि एक राहिलंच. आठवडाभर समोरच्या टीमच्या क्वार्टरबॅकचा नंबर अंगावर चढवून, पावसात कार्ड बघून त्यांचे प्ले तुमच्या डिफेन्ससमोर खेळून दाखवणारा तो स्काऊट टीमचा पोरगा, ज्याला मॅचमध्ये एकाही प्लेला उतरायला मिळालं नाही, तो कार्ड वाचताना ओठ हलवतो असं तू सप्टेंबरमध्ये लिहिलं होतंस. या तीन मेलमध्ये तो कुठेच नाहीये. तो राहतोय की चाललाय, ते त्याला विचार आणि मला कळव.

तुझी,
ताई