मॅडम, मी आळशी झालेय की मला डिप्रेशन आलंय?

हा प्रश्न मला सारखा येतो, म्हणून एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

बाई पस्तिशीच्या, पुण्यातल्या, घर पूर्ण शाकाहारी. सहा महिने नुसती चिडचिड, उगाच रडू, मुलाचा डबा भरता भरता आपण काय करत होतो तेच विसरायचं आणि ओट्याला टेकून उभं राहायचं. सासूबाई म्हणायच्या आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं, नवरा म्हणायचा मन रमव कशाततरी.

माझ्याकडे समुपदेशनाच्या तिसऱ्या सेशनला त्या बोलता बोलता सारखे हात झटकत होत्या. विचारलं तर म्हणाल्या मुंग्या येतात हो, आणि हल्ली साधी आमटीपण जिभेला झोंबते. तिथे मी थांबले आणि खाण्यापिण्याचं विचारलं. आठवड्याला दोन उपास, त्यात साबुदाणा नाहीतर नुसता चहा, दूध मुलाला, दही उरलं तर आपल्याला, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी दोन वर्षं रोज, स्वतःच्याच मनाने!

मी डॉक्टर नाही, म्हणून आधी फिजिशियनकडे पाठवलं. रक्तातलं व्हिटॅमिन बी12 आलं 118, साधारण 200 च्या खाली कमीच धरतात, आणि हिमोग्लोबिन 9.4, जे बायकांचं निदान 12 हवं. बी12 भाजी-डाळीत नसतंच, ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यातून मिळतं, त्यात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की ते अंगी नीट लागत नाही. ते कमी पडलं की नसांवरचं आवरण बिघडतं, मूड आणि स्मरणशक्तीवरपण परिणाम होतो. जेवणावर लगेच चहा घेतला तर लोहही कमी शोषलं जातं, तीपण सवय होतीच.

डॉक्टरांनी इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. दीड-दोन महिन्यांत मुंग्या कमी झाल्या, चिडचिड बरीच उतरली. नवऱ्याने रिपोर्ट आईला वाचून दाखवला, तेव्हापासून दह्याची वाटी आधी सुनेच्या ताटात येते, हे सांगताना त्यांना रडू आलं.

पण प्रत्येक उदासी बी12 ची नसते हो. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर रिपोर्ट बघून स्वतःहून बंद करू नका, आणि मरणाचे विचार येत असतील तर रिपोर्टची वाटच बघू नका, लगेच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा.

या बाईंचंही वडील गेल्याचं दुःख इंजेक्शनाने गेलं नाही, त्यावर आमचे सेशन अजून चालू आहेत.