पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी, दारावरची पत्रपेटी आणि एक फुली

हिवाळी सत्राचे प्रवेश हाती पडू लागले की या सदराच्या टपालात जर्मनीच भरते. बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन भाषेच्या ए1, ए2 पातळ्या झाल्या, विद्यापीठाचे पत्र आले, आता पुढे काय, असा बहुतेक पत्रांचा सूर असतो. कागदपत्रांची यादी वकिलातीच्या संकेतस्थळावर आहेच, ती इथे पुन्हा छापत नाही. यादीतले सगळे कागद असूनही जिथे गाडी अडते, तेवढीच पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग नाव, वडिलांचे नाव आणि आईचे नाव आहे. पासपोर्टवर आईचे नाव नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनावाचे स्पेलिंगही एका अक्षराने वेगळे आहे. एपीएसला, म्हणजे भारतातली शैक्षणिक कागदपत्रे तपासून दिल्या जाणाऱ्या जर्मन प्रमाणपत्राला, अडचण येईल का? (विद्यार्थिनी, सिंहगड रोड)

उत्तर : आईचे नाव जास्तीचे असण्याने सहसा काही बिघडत नाही. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिका अशाच असतात, हे तपासणाऱ्यांना ठाऊक असते. स्पेलिंगचा फरक मात्र दुर्लक्षू नका.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी खाली यंत्रासाठी छापलेल्या दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव, मग << अशा दोन खुणा आणि त्यानंतर तुमचे व वडिलांचे नाव. जर्मनीत तुमचे नाव या ओळीप्रमाणेच चालणार, त्यामुळे एपीएस, विद्यापीठाचा अर्ज, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कम सुटणारे खाते), विमा आणि विमानाचे तिकीट सगळीकडे नेमके हेच नाव, याच क्रमाने भरा. ‘वडिलांचे नाव लांबलचक आहे, गाळू या’ असे एका जागी केले की दुसऱ्या जागी ते नडते. स्पेलिंगच्या फरकासाठी ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरी करून जोडा. वेळ हाताशी असेल तर मंडळाकडून प्रमाणपत्रच दुरुस्त करून घेणे उत्तम.

त्या ओळीत << ही खूण सगळ्या नावाच्या शेवटी, म्हणजे पुढे काहीच नाही, अशी दिसली तर आडनावाचा रकाना चुकीचा भरला गेला आहे. असा पासपोर्ट एपीएसच्या आधी मुंढव्याच्या केंद्रातून नवीन काढून घ्या. नंतर काढलात तर पासपोर्टचा नंबर बदलतो आणि तो जिथे जिथे दिला आहे तिथे पुन्हा कळवत बसावे लागते. एपीएसचे शुल्क 18,000 रुपये आहे. नोव्हेंबर 2022 पासून भारतात शिकलेल्या विद्यार्थ्यांना व्हिसासाठी हे प्रमाणपत्र लागते, आणि बरीच विद्यापीठे ते प्रवेश अर्जासोबतच मागतात. म्हणून ते सर्वांत आधी.

प्रश्न : शैक्षणिक कर्ज मंजूर आहे, बँकेचे मंजुरीपत्र हातात आहे. तरीही ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे भरावेच लागतील का? आणि बँक टीसीएस कापणार म्हणते, ते काय? (पालक, चिंचवड)

उत्तर : भरावे लागतील. मंजुरीपत्र म्हणजे पैसे मिळतील असे बँकेचे म्हणणे. वकिलातीला पैसे मुलाच्या नावावर आधीच पडलेले हवे असतात. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992 युरो धरली जाते. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी बारा लाख होतात. बँकेला आधीच सांगून ठेवा की कर्जाचा पहिला हप्ता फीसाठी नसून या खात्यासाठी हवा आहे. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी जवळपास नसतेच, आणि कर्ज विभागातल्या नवख्या अधिकाऱ्याला हे पटवायला एखादी फेरी जास्त होते.

पैसे पाठवताना दोन चुका नेहमी होतात. पहिली, रक्कम तोकडी पोचते. मधली बँक आपले शुल्क पाठवलेल्या पैशांतूनच कापते, तिकडे पाच-दहा युरो कमी पडतात आणि पैसे जमा झाल्याचे पुष्टिपत्र अडकते. परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा फॉर्म ए2 भरताना ‘सगळे शुल्क पाठवणाऱ्याचे’ हा पर्याय निवडा आणि वर शंभर-दीडशे युरो जास्त पाठवा. ते बुडत नाहीत, खात्यातच राहतात. दुसरी चूक म्हणजे संदर्भ क्रमांक न लिहिणे. खाते उघडताना मिळालेला क्रमांक शेऱ्याच्या रकान्यात नसेल तर पैसे कोणाचे हे शोधण्यातच दिवस जातात.

टीसीएस हा वेगळा खर्च नाही, आगाऊ कापलेला कर आहे. एका आर्थिक वर्षात एका पॅनवरून परदेशी 10 लाखांपेक्षा जास्त गेले की वरच्या रकमेवर तो लागतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर तो लागत नाही, म्हणून कर्जाचा कागद परकीय चलन विभागात दाखवा. घरचे पैसे असतील तर ही मर्यादा पाठवणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र आहे, हे लक्षात ठेवा. कापला गेलाच तर आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

प्रश्न : व्हिसाच्या भेटीची तारीख लवकर मिळत नाही. शेंगेन पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेतला तर? (कोथरूड)

उत्तर : नाही. भारतीय नागरिकाने शिक्षणासाठी राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे डी प्रकार, इथूनच घेऊन जायचा. पर्यटक व्हिसावर गेलात तर परत येऊन सगळे नव्याने करावे लागेल. पुणे मुंबईच्या वाणिज्य वकिलातीच्या हद्दीत येते. शुल्क 75 युरो, रुपयांत.

प्रश्न : सल्लागार म्हणतात, एका खासगी विद्यापीठात एपीएसशिवाय, लगेच प्रवेश मिळतो. पहिले सत्र ऑनलाइन, पुढचे तिथे. घ्यावा का? (अभियंता, वाकड)

उत्तर : पत्रात ‘ऑनलाइन’, ‘हायब्रिड’ किंवा ‘दूरशिक्षण’ यांपैकी एकही शब्द असेल तर फी भरण्याआधी थांबा. राहण्याचा परवाना मिळतो तो तिथे उपस्थित राहून पूर्णवेळ शिकण्यासाठी. घरबसल्या करता येणाऱ्या अभ्यासक्रमासाठी जर्मनीत राहायची गरज काय, असे व्हिसा देणारे कार्यालय विचारते, आणि त्याला उत्तर नसते. व्हिसा मिळाला तरी प्रश्न संपत नाही, कारण परवाना देताना तिथले परदेशी नागरिक कार्यालय अभ्यासक्रम पुन्हा तपासते. विद्यापीठाकडून ‘हा अभ्यासक्रम पूर्णवेळ आणि प्रत्यक्ष वर्गातला आहे’ असे लेखी मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर काय ते समजून घ्या.

नकार आलाच तर पूर्वीसारखे फेरविचाराचे पत्र लिहिता येत नाही. ती सोय 1 जुलै 2025 पासून बंद झाली. आता एक तर त्रुटी दूर करून नवा अर्ज, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. विद्यार्थ्याच्या बाबतीत नवा अर्जच बहुधा लवकर मार्गी लागतो.

प्रश्न : पोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काय काय करावे? क्रम सांगा. (बिबवेवाडी)

उत्तर : आधी घर, मग पत्ता, मग बाकीचे. नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, तिकडच्या भाषेत आन्मेल्डुंग, करायची असते. त्यासाठी पासपोर्ट आणि घरमालकाने सही करून दिलेला ‘हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहतो’ असा फॉर्म लागतो. आपल्याकडच्या भाडेकराराची प्रत तिथे चालत नाही, हाच फॉर्म हवा. म्हणून खोली ठरवतानाच विचारा : इथे नोंद करता येईल का? सुट्टीसाठी दिलेल्या खोल्यांचे मालक बहुधा नाही म्हणतात. स्वस्त खोली, पण नोंद नाही, हा सौदा शेवटी महागात पडतो.

नोंद झाली की पुढचे सगळे टपालाने येते : कर क्रमांक, विम्याचे कार्ड, बँकेचा पिन, परवान्याच्या कार्डाचे पत्र. इथे पुण्याच्या मुलांचा हमखास घोटाळा होतो. आपल्याकडे पोस्टमन सोसायटीत विचारून पत्र पोचवतो. तिकडे पत्रपेटीवर तुमचे आडनाव चिकटवलेले नसेल तर पत्र परत जाते. पत्त्यात फ्लॅटचा नंबरही बहुधा नसतो, सगळा कारभार त्या पट्टीवरच्या नावावर. मित्राकडे उतरला असाल तर पहिल्याच दिवशी त्याच्या नावाखाली आपल्या आडनावाची पट्टी लावा, पत्त्यातही ‘द्वारा’ म्हणून त्याचे नाव लिहा.

मग बँक खाते, आणि त्यावर ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहा 992 युरो सुरू करून घेणे. पहिल्या महिन्याचे भाडे, अनामत आणि विमा मात्र त्याआधीच द्यावे लागतात, तेव्हा वेगळे पैसे जवळ ठेवा.

विम्याबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी योजनेतला विमा सवलतीत मिळतो, महिन्याला दीडशे युरोच्या आसपास. स्वस्त पडतो म्हणून कोणी खासगी विमा गळ्यात मारून सरकारी योजनेतून सूट घ्यायला लावेल. ती सूट एकदा घेतली की शिक्षण संपेपर्यंत सरकारी योजनेत परतता येत नाही. शिवाय परदेशातून नुकत्याच आलेल्यांसाठीचा तीस-चाळीस युरोंचा विमा परवान्याच्या नूतनीकरणाला बहुधा चालत नाही. तिशी ओलांडलेल्यांना ही सवलत नाही. त्यांनी निघण्याआधीच पर्याय पक्का करावा.

प्रश्न : मुलीचा व्हिसा नोव्हेंबरअखेर संपतो. परवान्यासाठी भेटीची वेळ फेब्रुवारीची मिळाली आहे. डिसेंबरात भावाचे लग्न आहे. ती पुण्याला येऊन परत जाऊ शकेल का? (आई, कर्वेनगर)

उत्तर : येऊ शकेल, पण एक कागद हातात असेल तरच. तिने व्हिसा संपण्याआधी परवान्याचा अर्ज केलेला असला पाहिजे. भेट फेब्रुवारीत असली तरी अर्ज ऑनलाइन वा टपालाने नोव्हेंबरातच गेलेला हवा. तसे असेल तर कायद्याने तिचा जुना व्हिसा निर्णय होईपर्यंत चालू समजला जातो. पण ही गोष्ट मुंबई विमानतळावरच्या काउंटरला कशी कळणार? तिथे ‘अर्ज मिळाला’ अशी ई-मेल दाखवून भागत नाही. त्यासाठी फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचे प्रमाणपत्र असते, शुल्क 13 युरो. ते परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी मागायचे, लग्नाची तारीख आणि तिकिटासह.

हातात आले की आत बघा. तीन चौकटी असतात. तिथल्या निवास कायद्याचे कलम 81 परिच्छेद 4 लिहिलेल्या चौकटीत फुली असेल तर बाहेर जाऊन परत येता येते. परिच्छेद 3 च्या चौकटींपैकी एखादीवर फुली असेल तर राहता येते, परतीचा प्रवेश मात्र मिळत नाही. आपल्याकडे फुली म्हणजे चूक. तिथे फुली म्हणजे ‘हे लागू’. उलटे वाचू नका.

मूळ प्रमाणपत्र, संपलेल्या व्हिसाचा पासपोर्ट, विद्यापीठाचे नोंदणीपत्र हे सगळे हातसामानात ठेवा आणि शक्यतो मुंबईहून थेट जर्मनीचे विमान घ्या. मध्ये तिसरा देश आला की हा कागद ओळखणारा माणूस भेटेलच असे नाही. तिकीट काढण्याआधी प्रमाणपत्र, लग्नाची खरेदी नंतर.

प्रश्न : जर्मन विद्यापीठात पीएच.डी. करतो, नोकरीचा करार आहे. सह्याद्रीत आठ महिने क्षेत्रकाम करायचे आहे. परवान्यावर परिणाम होईल? आणि पत्नीला जर्मनची परीक्षा द्यावी लागेल का? (संशोधक, सध्या पुण्यात)

उत्तर : सलग सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिलात तर परवाना आपोआप संपतो. कुणी पत्र पाठवत नाही, परतताना सीमेवर कळते. यावर उपाय आहे, पण तो निघण्याआधीचा : कार्यालयाकडून जास्त मुदतीची लेखी परवानगी घ्या. सोबत मार्गदर्शकांचे पत्र जोडा, त्यात क्षेत्रकाम प्रबंधाचा भाग आहे, अमुक तारखेला सुरू, अमुक तारखेला परत, हे स्पष्ट असू द्या. तुम्ही आधीच आला असाल आणि सहा महिने व्हायचे असतील तर आजच लिहा. ब्ल्यू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा परवाना, असेल तर ही मुदत बारा महिने असते.

तुमचा परवाना कोणत्या कलमाखाली आहे तेही बघा, कार्डावर छापलेले असते. करार असूनही अनेकांना विद्यार्थ्याचा, म्हणजे 16बी, परवाना दिलेला असतो. संशोधकाचा 18डी मागता येत असेल तर मागा. त्याला संस्थेबरोबरचा स्वागत करार लागतो, तो विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय कार्यालय तयार करून देते. 18डी धारकाच्या पत्नीला व्हिसासाठी ए1 ची अट नाही, आणि तिथे ती नोकरीही करू शकते. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र मात्र हवेच. लग्नपत्रिका आणि फोटो त्याची जागा घेत नाहीत.

प्रश्न : हिंजवडीतली कंपनी म्हणते, शिकताना तिकडून आमचे काम चालू ठेव, पगार इथल्याच खात्यात देऊ. चालेल? (विमाननगर)

उत्तर : पगार कुठे जमा होतो यावर काही ठरत नाही. काम जिथे बसून करता तिथला कायदा लागतो. मार्च 2024 पासून विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस नोकरी करता येते, आणि चार तासांपर्यंतचा दिवस अर्धा धरतात. हे कामही त्यातच मोजले जाईल, शिवाय तिथला कर आणि सामाजिक विमा यांचा प्रश्न कंपनीपुढे येईल, जो बहुतेक कंपन्यांना नको असतो. बिल देऊन स्वतंत्रपणे काम करायचे म्हणाल तर त्याला कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. विद्यापीठातले विद्यार्थी-सहायकाचे काम मात्र या 140 दिवसांत धरत नाहीत. पैसे थोडे कमी, पण परवान्याला धोका नाही, आणि प्राध्यापकांची ओळख होते. आधी ते शोधा.