वीज आणि नळाशिवाय राहायचंय? सुरुवात इथून करा

रानात मुक्कामाला पहिल्यांदाच जाताय, म्हणून यादी मुद्दाम छोटी ठेवतोय. चकमकीने आग पेटवणं, रानभाज्या ओळखणं हे सगळं नंतर.

सगळ्यात आधी पाणी. माणशी दिवसाला 3 ते 4 लिटर धरा, कडक उन्हात त्याहून जास्त. झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. गढूळ असेल तर फडक्यातून गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर पूर्ण 1 मिनिट उकळू द्या. 2000 मीटरच्या वर असाल तर 3 मिनिटं. नवखे लोक खाण्याने पिशव्या भरतात आणि नेमकी पाण्यात काटकसर करतात.

बाकी सामान:
- डोक्याला बांधायची बॅटरी, जादा सेल
- काडेपेटी आणि लायटर, वेगवेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत
- सुरी, दोरी, ताडपत्री
- मलमपट्टी, रोजची औषधं
- कपड्यांचा एक कोरडा जोड, फक्त झोपताना घालायला

अंथरायला जाडसर काहीतरी हवंच. पांघरूण कितीही घेतलं तरी जमीन अंगातली ऊब ओढून घेते. थंडी वाजली म्हणून तंबूत शेगडी मात्र अजिबात पेटवू नका, विषारी वायूने जीव जातो.

निघण्यापूर्वी एक रात्र घरीच दिवे आणि नळ बंद ठेवून काढा. काय राहिलंय ते तिथेच कळेल. जमेल तुम्हाला, नक्की जमेल. कुठे जाताय आणि कधी परतणार, हे घरी सांगून निघा.