नव्याने बांधलेला गिअरबॉक्स: महामार्ग नको, गिअर बदलत राहा

प्रश्न: माझी १९७१ ची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश उघडी स्पोर्ट्‌स कार) आहे, ओव्हरड्राइव्हसह (गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला, इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा संच). गिअरबॉक्स नुकताच उघडून बांधून घेतला. सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना गती जुळवणाऱ्या), बेअरिंगं आणि तिसऱ्याचा गिअर नवा घातला, लेशाफ्टवरचा (गिअरबॉक्समधल्या मुख्य शाफ्टला समांतर दुसऱ्या शाफ्टवरचा) गिअरांचा संच जुनाच ठेवला. क्लच नवा आहे. गाडी गार असताना दुसरा गिअर अडतो, जोर लावून टाकावा लागतो. एक मित्र म्हणतो, जाड जीएल-५ गिअर ऑइल घाल. दुसरा म्हणतो, महामार्गावर एकदा लांबवर पळवून आण, आपोआप मोकळा होईल. शिवाय तिसऱ्यात बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. काय करू?

उत्तर: दोन्ही सल्ले बाजूला ठेवा, आणि दुसऱ्या गिअरला लावताय तो जोर आजच थांबवा. मला काळजी त्याचीच जास्त वाटते.

सिंक्रो रिंग पितळी असते. तिच्या आतल्या अंगाला बारीक आटे असतात. तुम्ही गिअरची दांडी सरकवता तेव्हा ही रिंग गिअरच्या पोलादी शंकूवर दाबली जाते, आटे मधलं तेल कापून बाजूला सारतात आणि घर्षणाने दोघांची गती जुळते. गती जुळेपर्यंत रिंग स्लीव्हला (दांडीने सरकणाऱ्या, गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या कड्याला) पुढे जाऊ देत नाही. तुम्हाला जाणवणारी अडचण म्हणजे नेमका हाच क्षण. नवी रिंग आणि शंकू यांची पकड अजून सगळीकडे सारखी बसलेली नाही, त्यात गार तेल घट्ट, म्हणून हा क्षण लांबतो. तेव्हा दांडी हलक्या हाताने धरून ठेवा, गिअर आपण होऊन आत जाईल. रेटलात तर आट्यांच्या कडा झिजून गुळगुळीत होतील, आणि तशी रिंग पुन्हा पकड घेत नाही.

आता महामार्गाचं. तुमच्या गाडीत चौथा गिअर थेट आहे: इंजिनाची ताकद लेशाफ्टकडे न वळता सरळ मागे जाते. चौथ्यात तासभर पळालात तरी लेशाफ्टच्या दातांवर भार नाही आणि एकही सिंक्रो रिंग काम करत नाही. म्हणजे किलोमीटर वाढले, पण गिअरबॉक्समधल्या नव्या भागांनी एकमेकांशी जुळून बसायचं ते काहीच बसलं नाही. गिअरबॉक्स बसतो तो गिअर बदलण्याने. पहिले आठशे किलोमीटर चढ-उताराच्या, वळणांच्या, सिग्नलच्या रस्त्यांवर काढा. नव्या क्लचलाही तेच मानवतं. वेग सतत बदलता ठेवा. खालच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नका आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरेपर्यंत आर.पी.एम. पाडू नका, अशा धक्क्यांनी दातांना मार बसतो. मी स्वतः या काळात ३,५०० च्या वर जात नाही.

वरचा गिअर टाकताना सिंक्रोला सावकाश काम करू द्या. खाली येताना मात्र डबल क्लच करा, म्हणजे एकदा न्यूट्रल करताना आणि पुन्हा गिअर टाकताना असा दोनदा क्लच दाबा. तेव्हा रिंगला लेशाफ्ट आणि क्लच प्लेटची गती वाढवावी लागते, हे तिचं सगळ्यात कष्टाचं काम. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला हलकी टिचकी दिलीत की तिच्यावरचा भार उतरतो. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत पहिल्या गिअरला सिंक्रोच नव्हता, त्यामुळे जुन्या चालकांच्या पायाला ही सवय होती. तुमच्याकडे चारही गिअरना सिंक्रो आहे, तरी सवय लावून घ्याच.

दोष रिंगांचा ठरवण्याआधी क्लच पूर्ण सुटतो का ते बघा. इंजिन मंद चालू ठेवा, पेडल पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. करकर झाली तर क्लच ओढतोय. बहुधा हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा असेल. नीट ब्लीड करा (ती हवा काढून टाका), नाहीतर नव्या रिंगा प्रत्येक वेळी फिरत्या क्लच प्लेटशी झगडत राहतील. आणि पेडलवर पाय टेकवून गाडी चालवू नका. एमजीबीचं क्लच रिलीज बेअरिंग कार्बनचं असतं, ते सिग्नलला पेडल दाबून उभं राहण्यानेच संपतं. थांबलात की न्यूट्रल करा, पाय काढा.

तेलाबाबत कंपनीचं हँडबुक स्पष्ट आहे: गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० मल्टिग्रेड. जीएल-५ हे मागच्या डिफरन्शियलच्या हायपॉइड दातांसाठी (एकमेकांवर घसरत जाणाऱ्या तिरक्या दातांसाठी) बनलेलं तेल. त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं पितळाला बाधू शकतात, शिवाय रिंगला पकड हवी असताना ते निसरडेपणा देतं. गार असतानाची तुमची तक्रार जाड तेलाने वाढेलच. ‘घर्षण कमी करणारं’ म्हणून विकलं जाणारं कुठलंही मिश्रणही घालू नका. ओव्हरड्राइव्हच्या आतला शंकूच्या आकाराचा क्लच (कोन क्लच) घर्षणावरच चालतो.

आठशे किलोमीटर झाले की गाडी फिरवून आणा आणि तेल गरम असतानाच काढा. स्वच्छ भांड्यात घ्या, तळाशी चुंबक फिरवा. चुंबकावर राखाडी लगदा आणि तेलात सोनेरी झाक दिसली तर घाबरू नका, ती बसण्याचीच खूण. नखाने उचलता येईल असा तुकडा मिळाला तर गाडी पुढे चालवू नका. ओव्हरड्राइव्हच्या खालचं झाकण काढून त्याची जाळी धुवा. बरेच जण हे टाळतात, पण सुटलेला कचरा तिथेच जमतो.

या काळात गाडी बंद पडली तर मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढून नेऊ नका. इंजिन बंद आणि न्यूट्रल असेल तर लेशाफ्ट फिरत नाही, तेल उडत नाही, आणि मुख्य शाफ्ट मात्र कोरडा फिरत राहतो. मागची चाकं उचला किंवा गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवा.

तिसऱ्यातल्या शिट्टीचं कारण तुमच्या पत्रातच आहे. नव्या गिअरचे दात जुन्या संचाच्या झिजलेल्या दातांशी जुळलेले नाहीत. आवाज थोडा मवाळ होईल, पूर्ण जाईलच असं नाही. त्याने नुकसान होत नाही. गुरगुर वेगळी. पहिल्या तिन्ही गिअरमध्ये गुरगुर आणि चौथ्यात शांतता, तर लेशाफ्टची बेअरिंगं तपासायला हवीत. आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच दांडी गिअरमधून निसटत असेल, तर ते किलोमीटर वाढवून बरं होणारं दुखणं नाही. ज्यांनी गिअरबॉक्स बांधला त्यांच्याकडे लगेच परत न्या.