पहाटे साडेतीनची शाळा

“मॅडम, एकच सांगा. आईंना तिथं ठेवलं, तर आम्ही त्यांना टाकलं असं होतं का?”

सासूबाईंना डिमेन्शियाच्या रुग्णांसाठीच्या घरात ठेवण्याबद्दल सूनबाईंनी हे विचारलं, तेव्हा त्यांचा नवरा मोबाइलमध्ये बघत होता आणि नाशिकहून आलेली नणंद खिडकीबाहेर. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसांच्या घरच्यांना मी सल्ला देते; त्यांच्याकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की कोण विचारणार हे आता दारातून आत येतानाच कळतं. ज्याची झोप उडालेली असते, तोच विचारतो. आणि आपली भाषाही बघा. पोराला वसतिगृहात आपण ‘ठेवतो’, आईबापांना मात्र ‘टाकतो’.

ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत. आई ७६ वर्षांच्या. वाईकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये जन्म गेलेल्या प्राथमिक शिक्षिका. यजमान गेल्यावर पुण्यात मुलाकडे राहायला आल्या. पाच वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. थायरॉइड, बी-१२, एमआरआय सगळं रीतसर होऊन मगच डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यामुळे तिथं शंका नव्हती. आता त्या रोज पहाटे साडेतीनला उठायच्या, पातळ कसंबसं गुंडाळायच्या आणि दाराची कडी काढायला लागायच्या. शाळेला उशीर होतोय. दोनदा बाहेर पडल्याही. एकदा वॉचमनने परत आणलं, एकदा रिक्षावाल्याने. सूनबाई रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर काढून कपाटात कुलूपबंद करत होत्या. नोकरी त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडली होती. कपाळावर टेंगूळ होतं. सोसायटीत सांगितलं होतं, कपाटाचं दार लागलं. खरं तर अंघोळ घालताना आईंनी तांब्या मारला होता.

मी तिघांना एकेक कोरा कागद दिला. आईंचे २४ तास लिहा म्हटलं. मुलाने सहा ओळी लिहिल्या. सूनबाईंचा कागद पाठपोट भरला, तेव्हा त्यांच्या कागदावर दुपारचे चार वाजले होते.

लेकीने काहीच लिहिलं नाही. “दिवाळीत आठ दिवस माझ्याकडे होती. अजिबात त्रास दिला नाही तिनं,” एवढंच म्हणाली. मला ते खोटं वाटलं नाही. पण त्या आठ दिवसांत तिने रजा घेतली होती आणि घरात नवरा, दोन मोठी मुलं मिळून चार माणसं आळीपाळीने आईभोवती होती. इथं एक बाई पाच वर्षं. हे मी बोलून दाखवलं आणि तिला ते लागलं. लागणारच. तिचीही आई चालली होती. त्यात रोज समोर नसल्यामुळे दर भेटीत ती एकदम दहा पायऱ्या खाली उतरलेली दिसायची.

पुढच्या भेटीआधी साताऱ्याच्या मामांचा फोन येऊन गेला होता. “२००७ चा कायदा आहे, माझ्या बहिणीला बाहेर काढलंत तर पोलिसांत जाईन.” मुलगा हादरला होता. ज्येष्ठांच्या चरितार्थाच्या त्या कायद्यात कलम २४ आहे हे खरं. तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ते कुणासाठी? सांभाळण्याची जबाबदारी असताना ज्येष्ठाला कायमचं वाऱ्यावर सोडायच्या हेतूने कुठंतरी सोडून जाणाऱ्यासाठी. खर्च करून, काळजीची सोय बघून, येत-जात राहणाऱ्यासाठी नाही. मी मुलाला म्हटलं, मामांशी वाद घालू नका, त्यांना घरात दोन रात्री झोपायला बोलवा. मामा आले. पहिल्याच रात्री साडेतीनला उठले, सकाळी चहा घेताना काही बोलले नाहीत.

त्याच सुमारास आई एकाएकी फार बिघडल्या. भिंतीशी बोलणं, ओरडणं, जेवण बंद. मुलगा म्हणाला, उद्याच हलवू या. मी थांबवलं. डिमेन्शिया हळूहळू वाढतो, त्यात माणूस दोन दिवसांत असा कोसळत नाही. तसं झालं, तर आधी लघवी तपासायची, बद्धकोष्ठ बघायचं, कुठलं नवीन औषध सुरू झालंय का ते विचारायचं. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. औषधाने भिंतीशी बोलणं थांबलं. पहाटेची शाळा थांबली नाही. निर्णय घ्यायचा तो या शाळेवर, त्या दोन दिवसांच्या ओरडण्यावर नाही.

जागा शोधताना पहिला धक्का बसतो तो हा, की बहुतेक वृद्धाश्रम अशा माणसाला घेतच नाहीत. “स्वतःचं स्वतः करणारे हवेत,” असं दोघांनी फोनवरच सांगितलं. डिमेन्शियासाठीचीच म्हणून असलेली घरं मोजकी. त्यातलं पहिलं बघून मुलगा खूश. गुळगुळीत फरशी, एसी, स्वागताला फुलं. मी म्हटलं, पुन्हा जा, न कळवता, संध्याकाळी साडेपाचला. या आजारात उन्हं कलली की बेचैनी वाढते. तीच वेळ खरी. मुलगा-सून गेले तर दहाजण टीव्हीसमोर ओळीने बसवलेले, दोघांच्या खुर्च्यांना पुढून पट्टा. रात्री इतक्यांना किती माणसं, याला “पुरेशी आहेत” असं उत्तर मिळालं. पुरेशी हा आकडा नव्हे.

दुसरं घर म्हणजे जुना बंगला, रंग उडालेला. पण मागे चालायला गोल वाट होती, कुठंही न अडकता पुन्हा तिथंच येणारी. रात्री दोन मावश्या जाग्या. एक परभणीकडची, ती एका आजोबांना “चला बाप्पा, पाणी पिऊ” म्हणत होती आणि आजोबा चालले होते. भाषा हा मुद्दा लोक विसरतात. या आजारात बऱ्याचदा मागून शिकलेल्या भाषा आधी पुसट होतात, लहानपणची बोली उशिरापर्यंत टिकते. मी त्यांना विचारायला लावलेले प्रश्न थोडेच होते, पण नेमके. झोप येत नाही म्हणून काय देता आणि कुणाच्या सांगण्यावरून? वजन दर महिन्याला करता का, वही दाखवा. पुढे आई अंथरुणाला खिळल्या तर ठेवाल का, की न्या म्हणाल? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि दोन वर्षांनी सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. महिन्याचे ४५ हजार ठरले, डायपर-औषधं वेगळी.

पैशांवरून एक वेगळाच घोळ निघाला. आईंच्या पेन्शनच्या खात्यावर सही जुळेना. मुलगा म्हणाला, मुखत्यारपत्र आहे ना माझ्याकडे. आपल्याकडे माणसाची समज गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं, करार कायद्याचं कलम २०१ तसंच आहे. वकिलाकडे जावं लागलं, वेळ गेला. निदान झाल्या महिन्यातच, आईंना अजून कळतंय तोवर, बँकेत विचारून खात्याची सोय लावली असती तर हे टळलं असतं. हे माझं काम नाही, पण आता मी पहिल्याच भेटीत सांगते.

एक चूक माझी झाली. आईंना फसवून नेऊ नका, खरं सांगा, असा मी आग्रह धरला. मला ते सन्मानाचं वाटत होतं. सूनबाईंनी सोमवारी सांगितलं, आई रडल्या. अर्ध्या तासात विसरल्या, रडू तेवढं मागे राहिलं, कशाचं ते कळेना. मंगळवारी पुन्हा सांगितलं, पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडल्या. तीन दिवसांत तीनदा त्यांच्यावर तीच वीज पडली, आणि ती पाडायला मीच सांगितलं होतं. चौथ्या दिवशी सूनबाईंचा फोन आला, “मॅडम, मी नाही सांगणार आता.” बरोबर होतं त्यांचं. आता मी म्हणते, एकदा, साध्या शब्दांत, आणि तेही माणसाला ते अजून लक्षात धरून ठेवता येत असेल तरच.

नेताना सोबत त्यांची गोधडी, देवघरातला बाळकृष्ण आणि फोटो दिले. नातवंडांचे नाही, वाईच्या शाळेतले. नातवंडं त्यांना ओळखू येत नव्हती, १९७८ ची चौथी ‘अ’ येत होती. पहिले १५ दिवस भेटू नका, असं त्या संस्थेने सांगितलं. मला हा नियम पटत नाही. बोलणं करून आम्ही तिसऱ्या दिवशी जायचं ठरवलं. सकाळी, अर्धाच तास, आणि ‘येते हं’ न म्हणता, जेवणाची ताटं मांडली जात असताना निघायचं. लेक पहिल्यांदा गेली तेव्हा आई लसूण सोलत होत्या. आईला कामाला लावलं म्हणून ती तिथंच चिडली. परभणीच्या मावशी म्हणाल्या, “ताई, ह्यो तिसऱ्यांदा तोच लसूण हाय. सोलून झाला की आम्ही पुन्हा देतो.”

सूनबाई मात्र बऱ्या झाल्या नव्हत्या. घर शांत, तरी साडेतीनला डोळे उघडायचे. दोन महिने त्या उठून दाराची कडी बघायच्या. त्यांच्यासाठी वेगळ्या भेटी लागल्या, त्या अजून चालू आहेत.

भाद्रपदात त्यांनी विचारलं, गौरीच्या जेवणाला आईंना घरी आणायचं का? अकराला आणा, चारच्या आत पोचवा, घरात गर्दी नको, असं मी सांगितलं. आई आल्या. गौरींना हात जोडले, पुरणपोळी व्यवस्थित जेवल्या. मग, ज्या घरात नऊ वर्षं राहिल्या, तिथल्या भिंती, पडदे, खिडक्या न्याहाळत सुनेला म्हणाल्या, “घर छान आहे हो तुमचं.” सूनबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ ओटा पुसत राहिल्या.

अडीच वाजता आई आपल्या आपण उठल्या, चपला शोधू लागल्या. “चला. पोरं थांबली असतील.”